असेसमेंट डेला जाण्यापूर्वी

सातारा

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

नोकरीसाठी बर्मिंगहॅमहून कंपनीच्या असेसमेंट सेंटरचं, म्हणजे दिवसभराच्या निवड-चाचण्यांचं, बोलावणं आल्याचं आईनं सांगितलं. ऑनलाइन चाचण्या, व्हिडिओ मुलाखत पार करून इथवर पोचलीस, याचा मला फार अभिमान वाटतो. फोनवर तू म्हणालीस की प्रश्नांची भीती नाही, पण आपण बोलत असताना कोपऱ्यात बसून कुणीतरी लिहीत असणार याची धास्ती वाटते. त्या कोपऱ्यात मी बसलेलो आहे, म्हणून लिहितोय.

सैन्याच्या भोपाळच्या सिलेक्शन बोर्डात मी जीटीओ, म्हणजे गटाच्या चाचण्या घेणारा अधिकारी, होतो तेव्हा तू लहान होतीस. तुझा हा दिवस आणि आमचं एसएसबी, म्हणजे अधिकारी निवडणारं हे बोर्ड, यांचं मूळ एकच. 1942 साली ब्रिटिश सैन्यानं अधिकारी निवडण्यासाठी वॉर ऑफिस सिलेक्शन बोर्डं सुरू केली. नुसत्या मुलाखतीवर न भागवता उमेदवारांचा गट करायचा, पुढारी नेमायचा नाही, काम द्यायचं आणि बघायचं. ती पद्धत भारतीय सैन्यातही आली. पुढे 1956 पासून अमेरिकेत एटी अँड टी कंपनीत डग्लस ब्रे यांनी मॅनेजर लोकांच्या अभ्यासासाठी तशाच चाचण्या वापरल्या आणि मग त्या कंपन्यांमध्ये रुजल्या.

लिहिणारा माणूस काय लिहितो? कोण काय बोललं आणि कुणी काय केलं, एवढंच. चांगलं-वाईट नंतर ठरतं, आणि तेही एकटा कुणी ठरवत नाही. आमच्याकडे मानसशास्त्रज्ञ, मुलाखत घेणारा अधिकारी आणि जीटीओ आपापलं मत स्वतंत्र नोंदवतात. पाचव्या दिवशी कॉन्फरन्सला ती मतं एकत्र येतात. तुमच्याकडेही दिवस संपला की सगळे निरीक्षक नोंदी घेऊन बसतात. म्हणून सकाळचं प्रेझेंटेशन फसलं तर ते दुपारच्या रोल-प्लेमध्ये डोक्यात ठेवू नकोस. तिथं बहुधा दुसराच कुणी बघत असेल आणि त्याचा कागद कोरा असेल.

ग्रुप टास्कचं एक उदाहरण सांगतो. मैदानावर अडथळे असतात. फळी, बल्ली, दोर आणि एक ओझं द्यायचं, आणि जमिनीला पाय न लावता सगळ्यांनी पलीकडे जायचं. एका गटात एक मुलगा सुरुवातीपासून मोठ्यानं हुकूम सोडत होता. कल्पना त्याच्या वाईट नव्हत्या. पण बल्लीचं टोक धरायची वेळ आली की तो पुढच्या अडथळ्याकडे बघत उभा. मागे एक शांत पोरगा होता. निम्मा गट पुढे गेल्यावर तो म्हणाला, "ओझं अजून अलीकडेच आहे. मी इथं थांबतो, दोघं परत या." सगळे थबकले, दोघं परत आले आणि काम मार्गी लागलं. पण त्यानं हे मनातल्या मनात नुसतं ओळखलं असतं, तर मला कागदावर काहीच लिहिता आलं नसतं. तू घरातही विचार पक्का झाल्याशिवाय तोंड उघडत नाहीस. त्या दिवशी अर्धाकच्चा असला तरी बोलून दाखव. एखाद्याला मध्येच कुणी तोडलं तर "तिचं पूर्ण ऐकूया" असं म्हण. घड्याळाकडे लक्ष ठेव आणि वेळ संपत आली की सांग. बाकीच्यांना हरवायला तू गेलेली नाहीस. बहुतेक ठिकाणी ठरवलेल्या निकषांवर मोजतात; एका गटातले चौघंही निवडले जातात आणि कधी एकही नाही.

मुलाखतीत मात्र आपल्या घरचं वळण आड येईल. स्वतःची फुशारकी मारू नये असं आम्हीच शिकवलं, म्हणून कॉलेजच्या महोत्सवाबद्दल विचारलं की तू सगळ्या टीमचं कौतुक करत बसतेस. पैसे कमी पडले तेव्हा मंडपवाल्याशी बोलून दर कुणी उतरवला? तूच ना? मग तसंच सांग: अडचण काय होती, तू काय केलंस, त्यातून काय झालं. खरं सांगणं म्हणजे फुशारकी नव्हे.

ई-ट्रेमध्ये, म्हणजे संगणकावरच्या इनबॉक्सच्या चाचणीत, ढीगभर ईमेल येतील. सगळी आधी एकदा वाच, मग उत्तरांना हात घाल. शेवटच्या ईमेलमुळे पहिल्याचं महत्त्व बदललेलं असू शकतं.

आणखी एक, आणि हे मला रात्री झोपू देत नाही. शिक्षणानंतर तिथं राहून काम करायला मिळणाऱ्या ग्रॅज्युएट व्हिसाची मुदत भरभर संपते. पुढे ही कंपनी स्किल्ड वर्कर व्हिसासाठी, म्हणजे नोकरीवर मिळणाऱ्या व्हिसासाठी, स्पॉन्सर करणार का, हे त्यांच्या एचआरला ईमेल करून आत्ताच विचार. परवानाधारक स्पॉन्सरांची यादी ब्रिटिश सरकारच्या साइटवर आहे, तीही बघ. कंपनीचं नाव तिथं असलं म्हणजे तुझ्या जागेसाठी देतीलच असं नाही, म्हणून थेट विचारणंच बरं. यात भीड धरू नकोस.

लीड्सहून सकाळच्या गाडीच्या भरवशावर राहू नकोस, आदल्या रात्रीच जाऊन मुक्काम कर. पैसे पाठवलेत. निवड झाली नाही तर फीडबॅक माग. पुष्कळ कंपन्या देतात, आणि पुढच्या ठिकाणी त्याचा फार उपयोग होतो. फीडबॅक आला की मला वाचून दाखव, आपण दोघं बसून बघू.

तुझे,
बाबा