इंजिन धुवायचं नाही, पुसायचं

माशेल, गोवा,
रविवार, दुपार

प्रिय बाब्या,

तुझा मेसेज काल रात्री वाचला. 'दसऱ्याआधी इंजिन एकदा धुऊन टाकतो, शेजाऱ्याचा प्रेशर वॉशर मिळतोय,' असं तू सहज लिहून मोकळा झालास आणि इकडे माझी झोप गेली. फोन केला असता, पण फोनवर तू 'हो हो' म्हणतोस आणि करायचं तेच करतोस. कागद निदान हातात धरून वाचशील. त्या वॉशरचा प्लग लावायच्या आधी वाच, एवढंच मागणं आहे.

एक गोष्ट मी तुला मुद्दाम सांगितली नव्हती, कारण तू वर्षभर चिडवलं असतंस. दोन वर्षांपूर्वी गणपतीची चवथ झाल्यावर मी गाडी धुवायला दिली होती. तिथल्या पोराने विचारलं, "इंजिनावर पण मारू?" मी ऐटीत म्हटलं, "मार, चांगलं मार." अर्ध्या मिनिटात सगळी लाल माती वाहून गेली आणि इंजिन नव्यासारखं चकाकलं. मी खूश. दुसऱ्या दिवशी फोंड्याला निघालो. मंगेशी, म्हार्दोळपर्यंत ठीक होतं, पण फर्मागुढीचा चढ लागला तशी गाडी मिसिंग करायला लागली. पाय दाबला की आचके. इंजिनाचा पिवळा दिवा लागला, आणि नुसता लागला नाही, लुकलुकायला लागला. मागून बसवाला हॉर्न वाजवतोय आणि मी कडेला उभा, बॉनेट उघडून आत बघतोय, जणू बघून काही कळणार आहे.

मेकॅनिकने दहा नंबरच्या पान्याने एक कॉइल, म्हणजे स्पार्क प्लगला ठिणगीची वीज देणारा भाग, सोडवली आणि उपटून मला दाखवली. खालची स्प्रिंग ओली होती. स्पार्क प्लग असतो इंजिनाच्या हेडमध्ये, म्हणजे वरच्या भागात, खोल, विहिरीच्या तळाशी असावा तसा. त्या विहिरीत चमचाभर पाणी साचलं होतं. ठिणगी प्लगच्या टोकाला पडायची ती ओल धरून भलतीकडेच पळत होती. मेकॅनिक शांतपणे म्हणाला, "हे पावसाचं पाणी नव्हे. हे पैसे देऊन घातलेलं." कंप्रेसरने हवा मारून विहीर सुकवली, पण एक कॉइल गेली ती गेलीच. आणि तो लुकलुकणारा दिवा लक्षात ठेव. दिवा स्थिर असला तर सावकाश मेकॅनिककडे जाता येतं. लुकलुकला तर गाडी रेटायची नाही, कारण न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर साफ करणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो भाग कॉइलपेक्षा कितीतरी महाग असतो.

आता तू म्हणशील, आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, गाडी चार महिने भिजते, तेव्हा काही होत नाही, मग पाण्याच्या पाइपाचंच काय एवढं? बरोबर विचारतोस. पावसाचं पाणी बॉनेटवरून ओघळतं, खालून उडालेलं शिंतोडे होऊन येतं. वायरींच्या जोडांवरची रबरं त्याच हिशेबाने बसवलेली असतात. घरच्या नळाचा दाब फार तर २-३ बार. वॉशरचा १०० च्या आसपास. वीतभर अंतरावरून तो फवारा रबराच्या कडेत घुसला की पाणी आत जातं, आणि आत गेलेलं पाणी तेच रबर बाहेर पडू देत नाही. रेडिएटरच्या पत्र्याच्या बारीक पापण्या तर त्याने चक्क आडव्या होतात. तो वॉशर अंगणातल्या फरशीवरचं शेवाळ काढायला वापर, त्याला तो उत्तम.

त्यानंतर मी इंजिन धुणं सोडलं. पुसतो. वर्षातून एकदाच, पाऊस सरल्यावर. काल शनिवारीच तयारी करून ठेवली आणि आज सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला तेव्हा बॉनेट उघडलं. ती वेळ मुद्दाम. रात्रभर उभी असलेली गाडी गार असते. तापलेल्या इंजिनावर गार पाणी म्हणजे तापल्या तव्यावर तांब्या ओतण्यासारखं. ओतीव लोखंडाला तडा जाऊ शकतो, वाफेने हात भाजतो, आणि साफ करायचं औषध लावल्या लावल्या वाळून डाग पडतात. इंजिनावर तळहात निवांत टेकवता आला की सुरुवात करायची. रेडिएटरचं झाकण तर गरम असताना कुणी लाख सांगितलं तरी उघडायचं नाही.

मग बॅटरी. हाताची अंगठी काढ, हे आधी. लग्नाची असली तरी काढ, वहिनींना मी समजावतो. मायनस आधी सोडायचा, कारण गाडीचं सगळं धड मायनसलाच जोडलेलं असतं. प्लस आधी सोडायला गेलास आणि पाना बॉडीला टेकला तर ठिणगी, आणि बॅटरीच्या तोंडाशी हायड्रोजन असू शकतो. काही गाड्यांत इंजिन तापलेलं असलं तर किल्ली खिशात असतानाही पंखा आपोआप फिरतो, बोटं सांभाळायला म्हणूनही बॅटरी सुटलेली बरी. घड्याळ पुन्हा लावावं लागेल, रेडिओ कदाचित कोड मागेल, पहिला थोडा वेळ इंजिन जरा वरखाली होईल. घाबरू नकोस. तुझी साधी पेट्रोल गाडी आहे म्हणून हे सगळं सांगतोय. मेहुण्याची ती नवी हायब्रिड आहे ना, तिच्यातल्या जोरदार विजेच्या नारिंगी केबलींना मात्र तुम्ही दोघांनीही हात लावायचा नाही.

माझ्या प्लसच्या टर्मिनलवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पपडी चढली होती. पेलाभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा विरघळवला आणि जुन्या टूथब्रशने लावला. माडाची सूर उतू जावी तसा फेस आला, फसफस थांबली, आणि खाली राखाडी शिसं स्वच्छ दिसायला लागलं. ते पाणी बॅटरीच्या बुचांतून आत जाऊ द्यायचं नाही, तेवढं बघ. मग ओल्या फडक्याने पुसून, कोरडं करून ठेवलं.

आता खरं काम, आणि ते सगळं कोरडं आहे. दोन इंची रंगाचा ब्रश घे. वायपरच्या खाली, काचेच्या बुडाशी जी जाळी असते तिथून सुरुवात कर. माझ्या जाळीत आंब्याची पानं कुजून काळा चिखल झाला होता. तिथलं पाणी निघून जायच्या वाटा बंद झाल्या की पुढच्या पावसात पाणी पायाखाली येतं, आणि आपण दाराच्या रबराला दोष देत बसतो.

यंदा बॅटरीच्या मागे घर सापडलं. घर म्हणजे खरंच घर रे. सोडणाचे, म्हणजे नारळाच्या सालीचे, धागे, बॉनेटच्या आतल्या गादीचा कुरतडलेला कापूस, आणि मधोमध दोन सुपाऱ्या, एक अर्धी खाल्लेली. कुळागरातून, म्हणजे माडा-पोफळीच्या बागेतून, आणून उंदराने माझ्या इंजिनात कोठार केलं होतं. वायर एकच चावली होती, वरच्या आवरणापुरती. असं काही दिसलं तर हाताने ओढू नकोस, आणि ब्लोअरने तर मुळीच उडवू नकोस. उंदराच्या मुतातून लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) ताप होतो, बोटावरची एवढीशी चीर पुरते. हातमोजे घाल, तोंडाला मास्क लाव, फिनाइलच्या पाण्याने आधी ओलं कर, मग उचल. तंबाखूची पानं ठेव म्हणून सगळे सांगतात. मी गेल्या वर्षी ठेवली होती. त्यातलं एक पान घरट्यात अंथरलेलं सापडलं.

मग झाकाझाकी. दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवून ठेवल्या होत्या, त्या आणि रबर बँड. अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करतो तो), फ्यूजबॉक्स, एअर फिल्टरच्या डब्याचं तोंड, कॉइली, आणि कॉम्प्युटरचा डबा. आपण पाणी ओतणार नाही, तरी हात चुकतो.

तेलकट काळेपणासाठी पाण्यात मिसळणारा डीग्रीजर आण. रॉकेल नको, पेट्रोल तर नकोच नको. काका फियाटचं इंजिन रॉकेलने धुवायचे, हे तू म्हणणार मला माहीत आहे. मीच डबा धरून उभा असायचो की. पण त्या इंजिनात धड चार वायरी होत्या. डिस्ट्रिब्युटरची टोपी ओली झाली तर काका लुंगीच्या टोकाने पुसायचे आणि गाडी चालू. तरीही पुढे काकांची रबरं वर्षा-वर्षाला फुगायची आणि ते दोष कंपनीला द्यायचे. धुऊन झाल्यावर चमक यावी म्हणून डिझेलचा हात मारतात ना, तेही तसलंच. रबर खातं, धूळ धरून ठेवतं, आणि तापलेल्या पाइपाजवळ जळाऊ तेल आपल्या हातानेच पसरल्यासारखं होतं.

औषध इंजिनावर फवारायचं नाही, ब्रशवर घ्यायचं. खालून वर लावत ये, म्हणजे ओघळांचे पट्टे राहत नाहीत. पाचेक मिनिटं थांब, वाळू देऊ नकोस, घास, आणि पिळलेल्या फडक्याने टिपून घे. दोन बादल्या ठेव, एक घाणीची आणि एक स्वच्छ पाण्याची. अडचणीच्या जागी काठीला फडकं गुंडाळायचं. बेल्टला काहीही लावायचं नाही, औषध नाही, चमकवायचं पॉलिश तर नाहीच, नाहीतर तो घसरून किंचाळतो. आणि एअर फिल्टर कागदाचा असतो, तो झटकायचा किंवा बदलायचा, धुवायचा नसतो. हे सांगावं लागतं, कारण माझ्या ओळखीच्या एकाने धुऊन दोरीवर वाळत घातला होता.

तुझं मांद्रे आणि माझं माशेल यात इथे फरक पडतो. माझ्याकडे लाल माती तेलात मिसळून लेप होतो, त्याला डीग्रीजर लागतो. तुझ्याकडे खारं वारं. मीठ तेलात नाही, पाण्यात विरघळतं. ॲल्युमिनियमवर पांढरी पूड आणि नटांवर गंज दिसतो तिथे साध्या पाण्याने पिळलेलं फडकं दोनदा फिरव, औषध वाया घालवू नकोस. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, म्हणून पाऊस नसतानाही तुझं इंजिन दमट राहतं. तुला वर्षातून एकदा पुरणार नाही, तीन-चारदा फडकं मारावं लागेल. समुद्र बघत चहा पितोस त्याचं भाडं समज.

घाणीची बादली विहिरीपासून लांब ने. तुझी विहीर पोर्चपासून दहा पावलांवर आहे, आणि आपला जांभा दगड म्हणजे चाळण. गाडीखाली जुने पुठ्ठे अंथर, तेल सांडलं तर लाकडाचा भुसा टाक. तेलकट फडकी न्हाणीच्या चुलीत घालू नकोस. कूलंट सांडलेला दिसला तर लगेच पूस, तो गोड लागतो आणि तुझ्या मांजरांना मारायला थोडासा पुरतो.

सगळं झालं की बॉनेट उघडं ठेवून वाळू दे. आपल्या हवेत सदरा दोन दिवस वाळत नाही, तर खाचेतलं पाणी काय अर्ध्या तासात वाळणार? मी हिचा केस वाळवायचा ड्रायर गार हवेवर लावून फिरवला. ती दारात उभी राहून काही बोलली नाही, पण बघत होती. मग बॅटरी, आता प्लस आधी आणि मायनस शेवटी, दोन्हींवर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात. गाडी अंगणात उघड्यावर चालू कर, बंद गॅरेजमध्ये नाही, धुराने माणूस गुंगीतच जातो. दहा मिनिटं चालू ठेव आणि ऐक.

आता तुझ्या गाडीबद्दल एक, आणि हे मी जरा भीत भीत लिहितोय. तू घेतलीस तेव्हा तिचं इंजिन आरशासारखं होतं म्हणालास. सेकंड हॅन्ड गाडीचं इंजिन एवढं चकाकत असलं की मला शंका येते. धूळ असते तिथे गळती उघड दिसते, कारण तेलावर माती चिकटून काळा पट्टा होतो. धुतलेल्या इंजिनावर काहीच दिसत नाही. म्हणून पुसून झाल्यावर आठवडाभर रोजच्यासारखी चालव आणि पुढच्या रविवारी टॉर्च घेऊन आत प्रकाश पाड. जिथे ताजं ओलं दिसेल तिथे बोट लाव. माझी टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या, पॅकिंगमधली गळती अशीच कळली. वर्षभर घाट चढल्यावर जळक्या तेलाचा वास यायचा आणि मी पुढच्या ट्रकला शिव्या द्यायचो. थेंब थेंब तेल माझ्याच एक्झॉस्टवर पडत होतं. पॅकिंग बदललं, वास गेला.

दसऱ्याला झेंडूचा हार बॉनेटवर घालशील तेव्हा फोटो पाठव, पण बॉनेट उघडून. आईंना नमस्कार सांग.

तुझाच,
दादू

ता. क. पिशव्या मोजून लाव आणि मोजून काढ. आज मी सहा लावल्या आणि पाच काढल्या. आता जेवायला बसलोय तर ही म्हणतेय, अंगणातून प्लास्टिक जळल्याचा वास येतोय.