पहिल्या औषधासोबत समुपदेशनही मिळावे

महोदय,

प्रोस्टेटच्या कर्करोगावर हार्मोन कमी करणारे उपचार सुरू होतात तेव्हा रुग्णाच्या हाती औषध पडते, पण ते कसे घ्यायचे आणि त्याने शरीरात काय बदल होतील, हे निवांतपणे समजावणारे बहुधा कोणी भेटत नाही. ठाण्यात फार्मासिस्ट म्हणून काम करताना मला ही उणीव सतत जाणवते.

ल्युप्रोलाइडसारखे हार्मोन कमी करणारे इंजेक्शन घेतल्यावर टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन सुरुवातीचा आठवडा-दोन आठवडे वाढते आणि मग घसरते. म्हणूनच डॉक्टर अनेकदा जोडीला काही दिवस त्या वाढीचा परिणाम रोखणाऱ्या बायकॅल्युटामाइडच्या गोळ्या देतात. हे कारण ठाऊक नसलेला रुग्ण इंजेक्शन तर झाले, असे म्हणून गोळ्या सोडतो. या काळात हाडांचे दुखणे वाढल्यास डॉक्टरांना कळवावे, आणि लघवी अडली किंवा पायांतील बळ गेल्यासारखे वाटले तर तडक रुग्णालय गाठावे, हे त्याला आधीच माहीत हवे.

याच उपचारातल्या अबिराटेरॉन या गोळ्यांच्या बाबतीत घोटाळ्याला अधिकच वाव आहे. नेहमीचा डोस 250 मिलिग्रॅमच्या चार गोळ्या एकदम, त्याही उपाशीपोटी, असा असतो. म्हणजे आधी दोन तास आणि नंतर एक तास काही खायचे नाही, कारण अन्नासोबत हे औषध कितीतरी पटींनी जास्त शोषले जाते. त्याच चिठ्ठीतले प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड मात्र खाऊन घ्यायचे असते. काही डॉक्टर तर अन्नाचा हाच परिणाम लक्षात घेऊन मुद्दाम एकच गोळी नाश्त्याबरोबर देतात. अशा वेळी पाकिटावर सवयीने ‘जेवणानंतर’ अशी खूण करून भागत नाही. चिठ्ठी नीट वाचावी लागते, शंका आल्यास डॉक्टरांना फोन करावा लागतो. ‘स्टेरॉइड वाईट’ असे कुणाकडून तरी ऐकून प्रेडनिसोलोन परस्पर बंद करणारेही आहेत. असे बंद केल्याने रक्तदाब वाढू शकतो, पोटॅशियम घसरू शकते, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

अंगातून वाफा निघाल्यासारखे वाटून घाम फुटणे, थकवा, वजन व साखर वाढणे, हाडे ठिसूळ होणे, यांविषयी निदान विचारले तरी जाते. कामेच्छा कमी होण्याविषयी मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. ऑफिसातून परतताना मुलगा स्टेशनजवळच्या मेडिकलमधून औषधे घेऊन जातो, मागे रांग उभी असते, आणि ज्यांना ती घ्यायची आहेत ते बाबा घरी असतात. त्या काउंटरवर मुलगा काय विचारणार आणि आम्ही तरी काय सांगणार?

2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमावलीत समुपदेशन हे नोंदणीकृत फार्मासिस्टचे काम म्हणून नमूद आहे. ठाणे व नवी मुंबईतील जी रुग्णालये हे उपचार देतात, त्यांच्या औषध विभागांनी त्याची सुरुवात करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पहिल्या वेळी रुग्णालाच पत्नीसह बोलवावे, बसायला आडोशाची जागा द्यावी, सध्या चालू असलेली रक्तदाबाची, मधुमेहाची आणि आयुर्वेदिक औषधेही तपासावीत, पुढच्या इंजेक्शनाची तारीख आणि रक्त तपासण्यांचे वेळापत्रक मराठीत लिहून द्यावे, आणि दुसऱ्या आठवड्यात फोन करून विचारपूस करावी. हा फोन फार्मासिस्टने रुग्णाला करावा; त्याच्या फोनची वाट पाहू नये.

– एक फार्मासिस्ट, नौपाडा, ठाणे