तगडा माणूस आणि तुझं गार्ड

दोस्ता,

तुझा लांबलचक मेसेज वाचला, व्हिडिओपण बघितला. तुझं म्हणणं असं की जिउ-जित्सूच्या मॅटवरचा तो नवीन माणूस आहे तगडा, त्याच्यापुढे टेक्निक चालत नाही, म्हणून आता वजनं उचलायला लागतो. उचल की, वाईट काहीच नाही त्यात, पण त्याने हा प्रश्न सुटेल असं मला बिलकुल वाटत नाही, कारण तू पाच किलो वाढवशील तोवर मॅटवर त्याच्याहून दांडगा कोणीतरी आलेला असेल. माझ्या मते तुझं गार्ड (खाली पडून पायांनी समोरच्याला अडवायची पोझिशन) पास होतंय, म्हणजे तो तुझे पाय ओलांडतोय, ते ताकद कमी म्हणून नाही, तू उशिरा जागा होतोस म्हणून.

व्हिडिओ परत बघ. तू जीव तोडून झटायला लागतोस तेव्हा त्याची छाती ऑलरेडी तुझ्या छातीवर आलीये, आणि मग तू दोन्ही हात लांब करून त्याला बेंच प्रेससारखा वर ढकलतोयस. तिथून सुटायला खरंच ताकद लागते आणि ती त्याच्याकडे आहे, विषय संपला. पण त्याच्या थोडं आधी काय झालं बघ ना. त्याने दोन्ही हातांनी तुझ्या गुडघ्याजवळची पॅन्ट पकडली आणि तू ती पकडू दिलीस, तुझे हात तेव्हा हवेत होते, कशालाच धरलेलं नव्हतं. पास तिथेच झाला रे. पुढे त्याने पाय एका बाजूला फेकून टोरिआंदो पास मारला ती नुसती फॉर्मॅलिटी होती.

त्यामुळे तगड्या माणसाशी भांडायचं ते ग्रिपवर. त्याची सगळी ताकद त्या क्षणी बोटांत असते, आणि बोटांशी तुझे दोन हात आणि एक अख्खा पाय भांडू शकतो. एक ग्रिप लागली की लगेच तोडायची, दुसरी लागायची वाट बघत बसायचं नाही. त्याची स्लीव्ह दोन्ही हातांनी धर, पाय झटक्यात सरळ कर, सुटते. आणि सुटली की स्लीव्ह सोडून देऊ नकोस (तू नेहमी सोडतोस!), तीच आता तुझी ग्रिप. मग पायाचा एक तळवा त्याच्या कमरेवर, दुसरा बायसेपवर किंवा गुडघ्यामागे हुकसारखा अडकवलेला. म्हणजे त्याला पुढे यायचं तर आधी काहीतरी सोडवावं लागेल, आणि तो ते सोडवत असताना तू अँगल बदलायचा.

आता समजा तळवे ओलांडून तो आत आलाच, येणारच कधी ना कधी. तळव्यांनंतर नडगी आणि गुडघे असतात, आणि हात सगळ्यात शेवटी. तुझं काय होतं, तळवे गेले की तू डायरेक्ट हातांवर येतोस, मधला गुडघा विसरूनच जातोस. गुडघा छातीकडे ओढून घे, कोपर आणि गुडघा जवळजवळ चिकटलेले ठेव, त्यांच्यात जी फट पडते तिथूनच तो घुसतो. ही एक सवय लागली ना, तर अर्धे पास आपोआप अडकतील.

आणि हात वापरायचेच झाले तर ढकलायला नको, फ्रेम म्हणून वापर. एक फोरआर्म त्याच्या मानेशी कॉलरबोनवर, दुसरा कमरेच्या हाडावर, कोपर वाकलेलं आणि स्वतःच्या अंगाजवळ. दाराचा अडसर जसा स्वतः जोर लावत नाही, नुसता मध्ये असतो, तसं. जोर त्याला लावू दे, तो तुझ्या हाडांवर जाईल, मसलवर नाही, म्हणून तू थकत नाहीस. मग हिप एस्केप, म्हणजे श्रिंप, कंबर बाजूला सरकवणं. गंमत अशी आहे की नव्वद किलोच्या माणसाला खालून ढकललं तरी मागे सरकणार तूच, तो नाही. मग सरकायचंच आहे तर मुद्दाम सरक ना! तो रेटतो त्याच क्षणी कंबर बाहेर काढ आणि झालेल्या जागेत गुडघा घाल. तो शांत बसलेला असताना श्रिंप मारत राहिलास तर नुसता दम जातो.

क्लोज्ड गार्डबद्दल माझं मत तुला आवडणार नाही. तू तिथे आराम करायला जातोस. त्याच्या कमरेभोवती पाय गच्च लॉक करून पडून राहायचं आणि वाटायचं की सेफ आहोत. पण तगडा माणूस पोश्चर घेऊन, म्हणजे पाठ ताठ करून बसला की तुझ्या मांड्या थकतात, त्याचं काहीच जात नाही, आणि मग तो उभा राहून लॉक उघडतो तेव्हा तुझ्याकडे एकही ग्रिप नसते. पोश्चर मोडायचं तर हातांनी ओढून नाही मोडत, गुडघे स्वतःच्या डोक्याकडे ओढायचे म्हणजे तो पुढे पडतो. तरीही नाही मोडलं तर त्याने उघडायच्या आधी तूच उघड, स्लीव्ह हातात असताना, तळवे कमरेवर ठेवून.

सेव्हर्नचं उदाहरण तू दर वेळी देतोस. 1994 मध्ये यूएफसी 4 या मिक्स फायटिंगच्या स्पर्धेच्या फायनलला जिउ-जित्सूवाला रॉयस ग्रेसी ऐंशीच्या आसपास आणि डॅन सेव्हर्न एकशेदहा किलोच्या वर, तरी ग्रेसी खालून ट्रँगल (पायांनी मान आवळायचा डाव) लावून जिंकला, मान्य. पण ती लढत जवळजवळ 16 मिनिटं चालली आणि तेव्हा टाइम लिमिटच नव्हतं, टीव्हीचा वेळ संपून बऱ्याच लोकांना शेवट दिसलाच नाही, पुढच्या यूएफसीपासून मग लिमिट आणलं. तेवढं थांबायची चैन तुला नाहीये, तुझा राउंड असतो काही मिनिटांचा. मला विचारशील तर तू मार्सेलो गार्सिया बघ. 77 किलोच्या गटात चार वेळा एडीसीसी (ग्रॅपलिंगची मोठी स्पर्धा) जिंकलेला माणूस, ओपन वेटमध्ये, म्हणजे वजनाची अट नसलेल्या गटात, मोठ्यांशी खेळायचा, आणि पाठीवर पडून वाट बघत बसायचा नाही. उठून बसायचा, बटरफ्लाय हुक (मांड्यांखाली आतून अडकवलेले पाय), अंडरहुक (काखेखालून घातलेला हात), आणि समोरच्याच्या वजनाच्या खाली शिरून एक्स गार्ड (त्याच्या पायाभोवती X सारखे अडकवलेले पाय). वजन मोठं असलं तरी खालून उचललं की ते त्याचंच ओझं होतं.

हाफ गार्डमध्ये (त्याचा एकच पाय तुझ्या पायांत) अडकलास तर एकच लक्षात ठेव, पाठीवर सपाट व्हायचं नाही. तो क्रॉसफेस देऊन तुझं तोंड पलीकडे वळवायला बघेल, आणि तोंड वळलं की कंबर हलत नाही. म्हणून कुशीवर, नी शील्ड (आडवा गुडघा) मध्ये, वरचा हात त्याच्या खांद्याशी. ब्राझीलच्या जिउ-जित्सूवाल्या गॉर्डो कोरेयाने तर गुडघा दुखावला म्हणून हाफ गार्डमध्ये खेळायला सुरुवात केली आणि तिथूनच लोकांना उलटंपालटं करायला लागला, त्याआधी लोक तिथे फक्त कसंबसं टिकून राहायचे.

कॉम्पिटिशनसाठी अजून एक. आयबीजेजेएफ या जिउ-जित्सू फेडरेशनच्या नियमांत पासचे 3 पॉइंट मिळतात पण पोझिशन 3 सेकंद धरावी लागते. म्हणजे तो बाजूला आला की "गेलं" म्हणून मुंडी टाकायची नाही, तेवढ्यात आत वळून गुडघा घालायचा. तू नेमका तिथे हताश होतोस, चेहऱ्यावर दिसतं.

प्रॅक्टिसचं म्हणशील तर त्याच माणसाला पकड. सांग त्याला, दोन्ही ग्रिप पॅन्टवर घेऊन सुरुवात कर, पास झाला की परत तिथून. पूर्ण रोल (मोकळी लढत) नको, त्यात तू परत सबमिशनच्या, म्हणजे हार मानायला लावणाऱ्या डावाच्या मागे लागशील. आणि त्याने स्टॅक केलं, गुडघे कानापाशी आले आणि मान दुमडायला लागली, तर बिनधास्त पास देऊन टाक. मान वाचव, पॉइंट जाऊ देत.

नो-गीचं (जाड जॅकेट-पॅन्टशिवाय खेळण्याचं) विचारलंयस, पण तिथे स्लीव्हच नाही म्हटल्यावर मनगटं, अंडरहुक आणि घोटा एवढंच हाताशी उरतं, शिवाय घाम, त्यामुळे ते वेगळंच प्रकरण आहे. त्यावर पुढच्या पत्रात लिहितो.

तुझाच.