रसवंतीच्या पत्त्यावर आलेलं पोस्टकार्ड

आदरणीय जयंत नारळीकर सर,

सा. न. वि. वि.

आभाराचं हे पत्र तीस वर्षं उशिरा लिहितोय. २० मे २०२५ ला सकाळी दुकानात एका गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर तुम्ही गेल्याची बातमी ऐकली. समोर जळालेली सबमर्सिबल मोटर उघडून ठेवली होती. ती दिवसभर तशीच राहिली.

मी शास्त्रज्ञ वगैरे झालेलो नाही, हे आधीच सांगतो. तालुक्याच्या गावी माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. १९९४ साली मी आठवीत होतो आणि वडिलांची एसटी स्टँडसमोर रसवंती होती. उन्हाळ्यात रात्री अकरापर्यंत चरक चालायचा. मग चिपाडांच्या ढिगावर पडून मी वर बघत बसायचो. तिथे एक प्रश्न डोक्यात शिरला. तारे एवढे असंख्य आहेत, तर सगळ्यांचा मिळून उजेड का पडत नाही? रात्री काळोख का?

वर्गात विचारला. सरांनी मला उभं केलं आणि आधी विचारलं, "कोणाचा रे तू?" मी सांगितलं. "म्हणजे रसवंतीवाल्याचा. मग ग्लास विसळ की, काळोखाची चौकशी कशाला?" वर्ग हसला. उत्तर शेवटपर्यंत मिळालं नाही. ते सर आता नाहीत, त्यांचं नाव काढत नाही; पण ते हसू अजून कानात आहे, खोटं कशाला बोलू.

त्याच हिवाळ्यात जिल्ह्याच्या गावी तुमचं व्याख्यान झालं. संपल्यावर पोरं वह्या घेऊन धावली, मीही धावलो. तुम्ही सही दिली नाहीत. प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठवा, उत्तराखाली सही मिळेल, असं सांगितलंत. खरं सांगू? मला तेव्हा रागच आला. येण्याजाण्याचे एसटीचे पैसे घालून आलो आणि साधी सही नाही! गावोगावच्या पोरांना तुम्ही हेच सांगता, हे मला काय माहीत.

त्या रागातच १५ पैशांचं कार्ड घेऊन तोच प्रश्न लिहिला. आमच्या घराला नंबर नव्हता, म्हणून पत्ता रसवंतीचा घातला. पंधरवड्यात उत्तर आलं. पोस्टमनमामांनी ते येता येता वाचलंच होतं. गिऱ्हाइकं रस पीत असताना त्यांनी ते मोठ्यानेही वाचून दाखवलं. कार्डावर पाकीट नसल्याचा हा फायदा.

उत्तर चार-पाच ओळींचं, मराठीत. विश्व अनंत आणि स्थिर असतं, तर कुठेही बघितलं तरी नजर शेवटी एखाद्या ताऱ्यावरच टेकली असती आणि सगळं आकाश सूर्यासारखं तळपलं असतं. पण विश्व प्रसरण पावतंय, त्यामुळे लांबून येणारा प्रकाश क्षीण होतो, हे मला त्यातून कळलं. विश्वाला वय आहे, फार लांबचा प्रकाश अजून पोचलेलाच नाही, हे कारण मी पुढे वाचलं. आणि हेही वाचलं, की हाच प्रश्न ऑल्बर्स नावाच्या जर्मन डॉक्टरने एकोणिसाव्या शतकात मांडला होता, त्याच्या नावाने तो प्रसिद्ध आहे. ग्लास विसळणाऱ्याचा प्रश्न अगदीच टाकाऊ नव्हता म्हणायचा.

पण सर, उत्तरापेक्षाही पत्त्याची बाजू मी जास्त वेळा वाचली आहे. माझं पूर्ण नाव, खाली 'रसवंती गृह', खाली 'एसटी स्टँडसमोर'. तुमच्या अक्षरात. ज्या शब्दावरून वर्ग हसला होता, तो तुम्ही दुसरं काहीही लिहावं तितक्याच सहज लिहिला होता. केंब्रिजला ज्यांनी ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रेड हॉयल यांच्याबरोबर गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत मांडला, वयाच्या सव्विसाव्या वर्षी ज्यांना पद्मभूषण मिळालं, त्या माणसाने आमचं रसवंती गृह लिहिलं! वडील लिहिता-वाचता जेमतेम येणारे. त्यांनी ते कार्ड लक्ष्मीच्या फोटोच्या चौकटीत खोचलं.

पुढे तुमच्याबद्दल मिळेल ते वाचत गेलो. कोल्हापुरातला जन्म, बनारसला वडील गणिताचे प्राध्यापक, आई संस्कृतच्या जाणकार. म्हणजे 'कोणाचा रे तू' या प्रश्नाला तुमच्याकडे फार भारी उत्तर होतं. तरी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' पाठवताना तुम्ही नाव घातलंत नारायण विनायक जगताप. स्वतःची ज. वि. ना. ही आद्याक्षरं उलटी करून! अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंकडून ते लिहून घेतलंत. पहिलं बक्षीस जगतापांना. हे वाचून मी दुकानात एकटाच हसलो.

ज्योतिष खरं ठरतं का हे बघायला तुम्ही घेतलेली कुंडल्यांची चाचणीही मला त्याच जातीची वाटते. दोनशे मुलांच्या कुंडल्या, शंभर हुशार, शंभर मतिमंद, आणि नावं झाकलेली. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या चाळीस, हुशार कोण ते ओळखायला. उत्तरं पाठवली सत्तावीस जणांनी, बरोबर निघाली ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी ५० आली असती. धाकट्या बहिणीचं लग्न मंगळापायी दोनदा मोडलं, तेव्हा तो आकडा मी मुलाकडच्या मंडळींना ऐकवला होता. त्यांनी मानला नाही. तुमचंही सगळ्यांनी कुठे मानलं? विश्वाची सुरुवात महास्फोटाने झाली, हे जगाने स्वीकारलं, तरी हॉयल आणि खगोलशास्त्रज्ञ बर्बिज यांच्याबरोबर तुम्ही १९९३ मध्ये वेगळी मांडणी केलीत आणि अल्पमतात राहिलात. तुमचं चूक की बरोबर, हे मी कोण सांगणार. पण आमच्याकडे मत पटलं नाही की माणसंच तुटतात. तुम्ही आधीपासूनच अल्पमतात असूनही १९८८ मध्ये पुण्यात आयुकासारखी खगोलशास्त्राची संस्था उभी केलीत, देशभरातल्या विद्यापीठांतली माणसं तिथे येऊन काम करू लागली. शाळेच्या पोरांसाठी दुसऱ्या शनिवारी व्याख्यानं ठेवलीत. साधी सभ्यता म्हणतात ती हीच असावी. हल्ली कमी दिसते, म्हणून एवढं लिहिलं.

कार्ड अजून आहे. रसाचे शिंतोडे उडून खालची सही पसरली आहे, निळा डागच झालाय. वरचं उत्तर वाचता येतं. मागचा पत्ता तर स्वच्छ.

उत्तर आलं त्याच आठवड्यात वडिलांनी मला आणखी एक कार्ड आणून दिलं होतं, आभार लिही म्हणून. मी पत्ता लिहिला: आयुका, गणेशखिंड, पुणे ४११००७. मजकुरात काय लिहावं ते सुचेना. शुद्धलेखनाच्या चुका झाल्या तर, अशी भीतीही होती. ते कार्ड परवा ट्रंकेत सापडलं. पत्ता आहे, मागची बाजू कोरी.

आपला,
रसवंतीवाल्याचा मुलगा