काका, आमचं तळं समुद्रातून काढल्याबद्दल

काका,

तुमचं नाव लिहीत नाही. "माझं नाव कुठं टाकू नको" एवढी एकच फी तुम्ही मागितली होती. आभार मात्र चारचौघांतच मानणार.

यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गावतळं. मासेमारीचा ठेका आमच्या संस्थेकडे, भाडं हेक्टरवर, कागदावर २४ हेक्टर. बाबा आणि त्यांच्या वयाची माणसं कधीची म्हणत होती की तळं एवढं नाहीच. जन्मभर त्यात जाळी ओढली त्यांनी, पण त्यांना विचारतो कोण? नकाशा करणाऱ्यांचं एकच पालुपद, "सॉफ्टवेअर चुकत नसतं." एका साहेबाने तर माझ्या हातातून माऊस ओढून घेतला, टकाटक चार क्लिक केले, पुन्हा २४ दाखवले आणि म्हणाला, "झालं समाधान?"

मग मीच जीपीएस घेऊन काठाने फिरले. आकडे लॅपटॉपवर टाकले, तर तळं गेलं थेट अरबी समुद्रात, डहाणूच्याही पलीकडे. क्षेत्र २१ हेक्टर येत होतं, पण समुद्रातल्या तळ्यावर विश्वास कोण ठेवणार? गावातली पोरं महिनाभर विचारत होती, "ताई, पापलेट कधी?"

तुम्ही आलात तेव्हा सवयीने मी लॅपटॉप तुमच्याकडे सरकवला. तुम्ही तो परत माझ्याकडे सरकवलात. "तू कर. मी बघतो." आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिलात. अख्खी दुपार माऊसला बोट लावलं नाही. मला सगळ्यात जास्त हेच आठवतं.

"आकड्यांच्या आधी काय लिहिलंय, वाच."

"४४ क्यू."

"आणि तू काय टाकलंस?"

४३. पुण्याच्या शिबिरात सगळ्यांना तेच सांगितलं होतं. नकाशासाठी पृथ्वीचे उभे पट्टे पाडलेत, त्यातल्या पट्ट्याचा हा नंबर. पुणं ४३ च्या पट्ट्यात आहेच, पण तो पट्टा ७८ रेखांशाला संपतो आणि आमचं गाव त्याच्या जेमतेम पुढे. दर ६ अंशांना नवा पट्टा आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून. म्हणून पट्टा चुकला की तेच आकडे सव्वासहाशे किलोमीटर पश्चिमेला जाऊन पडतात. ४३ चं ४४ केलं आणि तळं गावात परत आलं. तुम्ही हसला नाहीत. पोरांसारखं हसला असतात तरी मी रागावले नसते.

मग २४ आले कुठून? तुम्ही बाबांना विचारून त्यांचं फेकायचं जाळं माठावर पांघरलंत. धागे वर शेंड्याला एकत्र येतात, तशा रेखांशाच्या रेषा ध्रुवाला. मोबाइलवरचा नकाशा त्या समांतर उभ्या करतो, म्हणजे रुंदी ताणली जाते; आकार बिघडू नये म्हणून मग उंचीही तेवढीच ताणतात. १५६९ मध्ये मर्केटर नावाच्या नकाशाकाराने ही युक्ती खलाशांसाठी केली, होकायंत्राची दिशा कागदावर सरळ रेघेत यावी म्हणून. तळी मोजायला नव्हे. आमच्या अक्षांशावर ताण ६-७ टक्केच, पण तो लांबीलाही आणि रुंदीलाही, म्हणून क्षेत्र १४ टक्क्यांनी फुगतं. २१ चे २४. साहेबाने त्या ताणलेल्या नकाशावरच मोजलं होतं.

बाबा जाळ्याची कड धरून बराच वेळ बसले. मग म्हणाले, "म्हणजे नसलेल्या पाण्याचं भाडं भरलं आपण."

आणि तुमचा सरळपणा! "आपण पट्ट्याच्या कडेला आहोत, तिथे थोडा ताण असतोच, आपल्या २१ मध्येही तीनेक गुंठे जास्त धरलेत, तेही लिही." कुणी विचारलं नसतं, काका. जाताजाता हिंगणघाटच्या लॅम्टन या इंग्रज मोजणीदाराची गोष्ट सांगितलीत. भारत मोजता मोजता १८२३ मध्ये तो तिथेच वारला. एवढ्या जवळ राहून मला ठाऊक नव्हतं. चुकलेल्याला लाज न वाटू देता शिकवणारी माणसं असतात, हे मला त्या दिवशी घरात बघायला मिळालं. साहेबालाही कधी असं कुणी भेटलं असतं तर, असं उगाच वाटून गेलं.

कागदावर आता २१ आहे. जीपीएसच्या पाठीवर मी पेनाने ४४ लिहून ठेवलंय.

दिवाळीनंतर जाळं ओढू तेव्हा मरळ घेऊन येते. काकूंना मसाला वाटून ठेवायला सांगा. पैसे नको म्हणाला होतात, मासळीला नाही म्हणाला नव्हतात.

तुमची,
तळ्यावरची