लोहचुंबकाने सरळ केलेला पुण्याचा उपग्रह

संपादक साहेब, स.न.वि.वि.

सॅटेलाइटच्या बातम्यांत रॉकेट उडालं की सगळे टाळ्या वाजवतात, पण वर गेल्यावर तो डबा गडगडत फिरत राहिला तर अँटेना कुठे बघणार हे कोणी विचारतच नाही. आर्यभट्टच्या वेळी, १९७५ ला, त्याला भोवऱ्यासारखं गरगर फिरवूनच स्थिर ठेवलं होतं. आपल्या शिवाजीनगरच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांनी ‘स्वयम्’ या आपल्या छोट्या उपग्रहामध्ये वेगळीच आयडिया टेस्ट केली. जेमतेम एक किलोचा डबा, २२ जून २०१६ ला इस्रोच्या पीएसएलव्ही-सी३४ रॉकेटवरून गेला, आत मोटर नाही गॅस नाही, फक्त एक कायमचा लोहचुंबक, जो होकायंत्राच्या सुईसारखा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी जुळवून घेतो, आणि हेलकावे हळूहळू जिरवायला खास चुंबकीय धातूच्या काड्या. बॅटरीचा एक थेंबही खर्च नाही! अर्थात नेमकं हवं तिकडे वळवता येत नाही, फोटो काढायला हे चालणार नाही, पण रेडिओवरून मेसेज पाठवायला भरपूर झालं. माझा नातू म्हणतो आजोबा हे तर फ्रीजवरचं मॅग्नेट. बरोबरच आहे त्याचं. तर कृपया अशा गोष्टींना पण थोडी जागा द्या, नुसतं काउंटडाउन नको.

आपला,
एक जुना वाचक, पुणे