कोरडा कालवा

विनिपेग (कॅनडा), एप्रिल

प्रिय विनू,

तुझं पत्र मिळालं. तू विचारलंस, 'तुमच्याकडं म्हणे नदीच गावाबाहेरून काढली, खरं का?' रविवारी मुद्दाम कालव्याकडं जाऊन आलो.

इथली रेड नदी उत्तरेकडं वाहते, आणि सगळं दुखणं तिथंच आहे. दक्षिणेला अमेरिकेत बर्फ आधी वितळतो. ते पाणी इकडं येतं तेव्हा पुढची नदी गोठलेलीच असते. जमीन जुन्या हिमसरोवराचा तळ, परातीसारखी सपाट. काठ सुटला की पाणी पसरतच जातं. १९५० मध्ये लाखभर माणसांना शहर सोडावं लागलं. मग डफ रॉब्लिन या इथल्या प्रीमियरनी, म्हणजे प्रांताच्या मुख्यमंत्र्यांनी, हट्टानं ४७ किलोमीटरचा कालवा खोदवला. १९६८ मध्ये तो पुरा झाला. लोक त्याला 'डफचा चर' म्हणून हिणवायचे.

शहराच्या दक्षिणेला सेंट नॉर्बर्टला नदीच्या तळाशी दोन दारं आहेत, एरवी पाण्याखाली आडवी. पूर आला की ती उचलतात, नदी तुंबते आणि जादा पाणी कालव्यात उतरतं. शहराला पूर्वेकडून वळसा घालून ते लॉकपोर्टजवळ पुन्हा नदीत येतं.

१९९७ ला हा कालवाही अपुरा पडतोय असं वाटलं. पश्चिमेकडून पाणी शिरू नये म्हणून काही दिवसांत कित्येक किलोमीटरचा मातीचा बांध घातला. शहर वाचलं, दक्षिणेचं सेंट अगाथ बुडालं. त्यानंतर कालवा वाढवला: सेकंदाला १७०० घनमीटर पाणी नेणारा होता, तो ४००० चा केला. खोल नाही केला, रुंद केला, कारण तळाखालच्या भूजलावर आसपासच्या विहिरी आहेत. कालव्यावरचे पूलही नव्यानं बांधावे लागले. हे सगळं काम कोरड्या दिवसांत झालं, विनू. पाणी डोक्यावर असताना नव्हे.

पण मला सगळ्यात मोठी वाटली ती दुसरीच गोष्ट. दारं उचलली की वरच्या अंगाला फुगवटा येतो. फुगवटा म्हणजे काय ते सांगलीकराला सांगायला नको. कर्नाटकातल्या आलमट्टी धरणावरून आपण किती भांडलो आहोत! शहरासाठी कोणाच्या तरी शेतात पाणी चढतं. २००४ मध्ये इथं कायदा झाला: दारांमुळे नदीच्या नैसर्गिक पातळीपेक्षा जास्त पाणी चढलं, तर त्या नुकसानीची भरपाई द्यायची.

२०१९ ला सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा मी इथं रात्रभर फोन धरून बसलो होतो. तुमच्या माळ्यावर काकू होत्या, आणि फोन लागत नव्हता. म्हणून या कालव्याकडं मला नुसतं प्रेक्षक होऊन बघता येत नाही.

तरी हा नमुना तसाच्या तसा कृष्णेला लागू होईल असं मला वाटत नाही. सांगलीला वळसा देऊन पाणी खाली सोडलं, तर ते नरसोबाच्या वाडीला पंचगंगेवर जाऊन आदळणार. आणि दुष्काळी तालुक्यांकडं न्यायचं, तर चढावर न्यावं लागणार. पुरावरच्या तुमच्या बैठकीत कोणी नकाशा मांडला, तर एवढं विचार: पाणी वळवल्यावर कुठल्या गावांत किती चढेल, आणि त्यांना भरपाईचं लेखी काय देणार? जे उत्तर मिळेल ते मला सविस्तर कळव.

काकूंना नमस्कार.

तुझा,
श्रीधर